नवरीची धुरी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने सदऱ्याचं टोक दातात धरलं होतं आणि पोटात सुई खुपसली होती.

भर दुपार. आमच्या इस्पितळाच्या मागच्या आवारात कडुलिंबाखाली पाण्याचे तीन रांजण आहेत. मी घोटभर गार पाणी प्यायला गेले, तर रांजणांच्या आडोशाला हा! उंच, सावळा, डोळे मिटलेले, कपाळावर घाम... गेल्याच महिन्यात वॉर्डातून गुंगीच्या इंजेक्शनांचा अख्खा डबा नाहीसा झाला होता. मला काय वाटणार? हातातला जर्मनचा तांब्या मी सरळ त्याच्या खांद्यावर हाणला.

"चोर! नशेबाज! बतूल सिस्टर, धावा!"

सदरा दातांतून सुटला, पण सुई त्याने सोडली नाही. ओठांतल्या ओठांत दहापर्यंत आकडे मोजले, सावकाश सुई काढली, आणि मग खांदा चोळत म्हणाला, "मारायचाच होता तर भरलेला तांब्या मारायचा. निदान तहान तरी भागली असती."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर रांजणाआड आलो. मधुमेह आहे मला, बाई. इन्सुलिन घेतोय."

"पोटात?"

"मग कुठे?"

"दंडात! इन्सुलिन दंडात देतात. मी नर्स आहे इथली, मला शिकवू नका."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. उलट माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही तांब्या आत्ता लागलाय.

"किती वर्षं नर्स आहात?"

"नऊ."

"आणि नऊ वर्षांत पोटात कधीच..." वाक्य त्याने अर्ध्यावरच सोडलं.

तेवढ्यात आमच्या मोठ्या सिस्टर, बतूल सिस्टर, हातात झाडू घेऊन धापा टाकत आल्या. त्यांच्यामागे निम्मा वॉर्ड. त्यांनी त्याला पाहिलं, मला पाहिलं, तांब्या पाहिला, आणि झाडू खाली टाकला.

"अगं इजलाल! हा मुन्तसिर! वाद मदनी शहरातून आलाय. उद्यापासून आपल्याला साखरेचं शिकवणार आहे हा!"

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"काही हरकत नाही," खांदा चोळतच तो म्हणाला. "स्वागत जोरदार झालं."

त्याला काय माहीत, माझे हात का थरथरत होते. तांब्यामुळे नाही. पोटातल्या त्या सुईमुळे. कारण आमच्या घरात एक गुपित होतं, आणि त्या गुपिताला मी रोज सकाळ-संध्याकाळ दंडात सुई टोचत होते.

माझी धाकटी बहीण रिहाब. सतराव्या वर्षी तिला साखर निघाली. आता एकोणीस पूर्ण. आई, यम्मा म्हणतो आम्ही तिला, त्याच दिवशी दाराला कडी घालून म्हणाली होती, "हे या चार भिंतींत राहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात कामाला, घरचं चांगलं, आणि रिहाबचं त्याच्यावर मनापासून प्रेम. लग्न ठरलं. बारा दिवस उरले होते. आमच्या रिवाजाप्रमाणे नवरी महिनाभर घराबाहेर पडत नाही. तिला उटणी लावतात, सुगंधी लाकडाची धुरी देतात, सजवतात.

आणि त्या महिन्यात रिहाब दोनदा बेशुद्ध पडली होती. दोन्ही वेळा तिन्हीसांजेला.

मी घाबरले नाही. नर्स ना मी! पहिल्या वेळी मनाशी म्हटलं, लग्नघरातलं गोडधोड खाल्लं असेल, साखर चढली. इन्सुलिन दोन युनिटांनी वाढवलं. दुसऱ्या वेळी आणखी दोन. घरात साखर मोजायचं यंत्र नव्हतंच. वॉर्डात एक होतं, पण त्याच्या पट्ट्या केव्हाच, शाबानच्या महिन्यात, संपल्या होत्या.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाच्या खोलीत आम्ही आठ जणी चटईवर बसलो. मुन्तसिरने भिंतीवर खडूने एक माणूस काढला. इतका वाईट की आमच्यातल्या हनानने विचारलं, "हा बकरा कुठल्या रोगाने आजारी आहे?"

"हा माणूस आहे," तो म्हणाला. "इजलाल सिस्टरने तांब्या मारल्यानंतरचा."

सगळ्या खिदळल्या. मी मान खाली घातली. कान तापले होते. मेला, टोमणाही कसा गोड मारतो!

"आता सांगा. साखर कमी झाली की माणसाला काय होतं?" उत्तराची वाट न बघता तोच म्हणाला, "घाम सुटतो. हात थरथरतात. छाती धडधडते. बोलायला जावं तर शब्द सुचत नाहीत."

"या अल्ला," हनान म्हणाली, "हे तर इजलालला कालपासून होतंय!"

या वेळी मात्र तो लाजला. खडू या हातातून त्या हातात केला, आणि पुढचं विसरला. मी गालातल्या गालात हसले. मग त्याने बतूल सिस्टरना विचारलं, "सिस्टर, या सगळ्या म्हणतात मधुमेहाचं त्यांना तुम्ही शिकवलं. तुम्हाला कोणी शिकवलं?"

बतूल सिस्टर अभिमानाने ताठ झाल्या. "एक मोठे डॉक्टर आले होते. बत्तीस वर्षं झाली. एक पाय जीपमध्ये होता त्यांचा, तरी थांबले. म्हणाले, ध्यानात ठेव, बेटी. साखरेवाल्याला गोड देऊ नकोस. सकाळ-संध्याकाळ दंडात सुई दे. आणि बेशुद्ध पडला तर साखर चढली समज, आणखी सुई दे. तीन गोष्टी. मी एक शब्द विसरले नाही आजवर."

 मुन्तसिरच्या हातातला खडू खाली पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"बेशुद्ध पडला की... आणखी सुई?"

"हो."

"सिस्टर," तो खाली चटईवर त्यांच्यासमोर येऊन बसला. आवाज एवढा हळू की आम्ही पुढे सरकलो. "इन्सुलिन घेणारा माणूस असा अचानक पडला, तर बहुतेक वेळा साखर चढलेली नसते. उतरलेली असते. अगदी तळाला गेलेली. गिळता येत असेल तर आधी त्याला साखरेचं पाणी पाजायचं. येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, शिरेतून साखर द्यायची. मोजल्याशिवाय सुई दिली तर..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. बतूल सिस्टरनी डाव्या हाताची बोटं उघडली आणि उजव्या हाताने एकेक मोजू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. दगावलेल्या रोग्यांची नावं घेत होत्या त्या. चौथ्या बोटावर आल्या आणि थांबल्या. मग पदर तोंडावर ओढून घेतला त्यांनी. नऊ वर्षांत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं.

"तुमचा दोष नाही," मुन्तसिर म्हणाला. "तीन वाक्यांवर एक वॉर्ड चालवला तुम्ही. दोष चौथं वाक्य न सांगणाऱ्याचा."

मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. दोन युनिटं. मग आणखी दोन. 

"एक रोगी आहे," मी उठून म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मुलगी. एकोणीस वर्षांची. संध्याकाळी बेशुद्ध पडते. तिच्या नर्सने दोनदा इन्सुलिन वाढवलं."

"मोजून?"

"न मोजता."

"तर त्या नर्सला कोणीतरी आजच्या आज थांबवा," मुन्तसिर म्हणाला. "नाहीतर ती त्या मुलीला मारून टाकेल."

मी बाहेर पळाले. रांजणांपाशी जाऊन उलटी केली. त्याची पावलं मागे आली, आणि थोडं अंतर राखून थांबली.

"इजलाल... कुठे आहे ती नर्स?"

"तुमच्यासमोर," मी म्हणाले. "आणि ती मुलगी माझी बहीण आहे."

रांजणाच्या बुडाशी पाणी ठिबकत होतं. तो ना रागावला, ना उपदेश केला. त्याने गार पाण्याचा तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"तोंड धुवा," तो म्हणाला. "आणि मला घरी घेऊन चला."

---

यम्माला आम्हाला बघून दातखीळच बसायची बाकी होती. लग्नघरात परका तरुण! शेजारणी कुंपणावरून माना उंच करून बघायला लागल्या. "पंखा दुरुस्त करायला आलाय," यम्माने ओरडून सांगितलं, आणि मला आत ओढून दंडाला चिमटा काढला.

"अकलेचं दिवाळं निघालं का तुझ्या? हाज्जा बखीताच्या कानावर गेलं तर?" हाज्जा बखीता म्हणजे रिहाबची होणारी सासू. "सून आजारी आहे कळलं तर उद्याच लग्न मोडेल!"

"यम्मा, रिहाब मरेल," मी म्हणाले.

 यम्माने स्वतःच अंगणात बाज टाकली, वर धुतलेली चादर घातली.

नवरीला परक्या पुरुषाने बघायचं नसतं. म्हणून तो अंगणात बाजेवर बसला, मी आत, आणि दोघांच्या मधे दाराचा पडदा. आपलं स्वतःचं यंत्र त्याने पडद्याखालून आत सरकवलं. बरोबर पट्ट्यांची डबी. डबीत पंधराच होत्या.

"आणि तुमच्यासाठी?" मी विचारलं.

"मला सवय आहे अंदाजाची."

"आत्ताच तर शिकवलंत, मोजल्याशिवाय काही करायचं नाही."

पडद्यापलीकडे तो हसला. मग, "वर्गात लक्ष होतं तर तुमचं."

"वर्गाकडे होतं. बकऱ्याकडे नव्हतं."

रिहाबने मला कोपराने ढोसलं आणि डोळे मोठे केले. ती हे सगळं ऐकत होती, आणि तिला फारच मजा वाटत होती. मी तिच्या बोटाला सुई टोचली. एकशे बेचाळीस. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. मी वाढवलेली चार युनिटं कमी करून, पोटात, हळूच सुई दिली.  तो पडद्याआडून मोजत होता, "एक... दोन... तीन..." दहा म्हणेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

"आता तासाभराने पुन्हा बघा," तो म्हणाला. यम्माने त्याला बिनसाखरेचा चहा दिला. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "खाला, इतका कडू चहा लग्नघरात?" यम्मा हसली. तिला हसताना पाहून मला त्याच्याबद्दल जे काही वाटलं, ते सांगायला मला लाज वाटते. पण वाटलं.

आणि तासाभराने रिहाब माझ्या अंगावर कोसळली.

घामाने चिंब. ओठ पांढरे. मी बोट टोचलं. अठ्ठेचाळीस!

"मुन्तसिर! अठ्ठेचाळीस!"

"गिळतेय का? बघा, गिळतेय का?"

"गिळतेय..."

"साखरेचं पाणी! चमचा चमचा नको, घोट घोट!"

यम्माने पातेल्यातलं पाणी, साखरेची पुडी, सगळं एकत्र ओतलं. निम्मी साखर जमिनीवर. रिहाब प्यायली, पुन्हा प्यायली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "तायडे, तू का रडतेस?"

बाहेर त्याचं येरझारा घालणं थांबलं. "हे कसं होईल?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली. "मात्रा कमी केली होती. सुई बरोबर दिली होती. या एका तासात काय केलंत? पळाली ती? नाचली?"

आत आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. यम्माने ओठांवर बोट ठेवलं.

कसं सांगायचं? त्याला धुरीचं नाव माहीत असणार, आमच्या देशात कोणाला माहीत नाही? पण धुरी ही बायकांची खोलीच्या आतली गोष्ट. जमिनीत खड्डा, त्यात तल्ह नावाच्या बाभळीची लाकडं पेटवून निखारे करायचे, वर भोकाची चटई. त्यावर बसायचं, अंगावर फक्त लोकरीची जाड घोंगडी. तासभर घामाची धार. मग कातडी मऊ होते, सोनेरी होते, आणि तो वास... तो वास नवऱ्यासाठी असतो. अविवाहित मुलीने धुरीचं नाव पुरुषासमोर काढणं म्हणजे! आणि हा तर असा पुरुष, ज्याच्या नुसत्या आवाजाने माझे कान तापत होते.

"इजलाल?" तो म्हणाला. "मी काही विचारतोय."

"ती... बसली होती," मी म्हणाले.

"कुठे?"

"धुरीला."

बाजेची दोरी करकरली. बहुतेक तो मटकन खाली बसला असावा.

"अच्छा," एवढंच आलं.  मग अगदी हळू, "तिथे... गरम असतं?"

आणि मला विजेचा झटका बसावा तसं झालं. गरम! इथे येताना वाटेतच तर तो म्हणाला होता, सुई दिलेली जागा शेकू नका, चोळू नका, उबेने इन्सुलिन भरभर रक्तात जातं. आणि आम्ही काय करत होतो? सुई देऊन मुलीला निखाऱ्यांवर बसवत होतो! अख्खी मुलगीच शेकत होतो! वर रिकाम्या पोटी, कारण धुरीनंतर जेवायचा रिवाज.

लाज वगैरे सगळं चुलीत गेलं. पडदा बाजूला सारून मी बाहेर आले आणि एका दमात सांगितलं. खड्डा, घोंगडी, घाम, तास, सगळं. तो उभा राहून ऐकत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं शिकवतोय मी. किती नवऱ्या... किती बाळंतिणी... कोणी मला सांगितलंच नाही."

"तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही पुरुष."

"तुम्ही सांगितलंत."

त्याच्या नजरेत असं काही होतं की मी पदर सारखा केला, तो सारखाच असूनही.

"उद्यापासून आधी धुरी, तीही निम्मा वेळ," मी म्हणाले. "अंग निवल्यावर मोजायचं, मग सुई, आणि लगेच जेवण. बरोबर?"

"मला काय विचारता, सिस्टर?" मुन्तसिर म्हणाला. "आज मी विद्यार्थी आहे."

---

पुढचे आठ दिवस तो रोज संध्याकाळी आला. वॉर्डात सकाळी तो शिकवायचा, संध्याकाळी आमच्या पडद्याशी मी. यम्माचा 'पंखा' काही दुरुस्त होईना. शेजारणी विचारायच्या, "असा कसला पंखा गं?" रिहाब पुन्हा एकदाही पडली नाही. पट्ट्या सात उरल्या, मग चार. मी एक मुद्दाम मागे ठेवली, त्याच्यासाठी.

"तुम्ही लग्न का नाही केलं?" एका संध्याकाळी मी विचारलं. पडद्याचा एक फायदा असतो, तोंड दिसत नाही.

"दोनदा विचारलं. दोन्ही घरं म्हणाली, आमच्या मुलीला विधवा करायची नाही."

"मूर्ख घरं."

"तुमच्या यम्माही तेच म्हणाल्या असत्या."

 खरं होतं ते. यम्मा त्याला दुवा देत होती, पण कालच मला म्हणाली होती, पोरगा हिरा आहे, पण एका घरात साखरेची दोन दुखणी नकोत. मला रात्रभर... जाऊ दे. मला रडू आलं होतं, एवढंच.

नवव्या दिवशी हाज्जा बखीता न सांगता आल्या. अंगणात बाजेवर बसलेल्या मुन्तसिरला ओलांडून थेट आत, जशी सासूच येऊ शकते. मी रिहाबच्या पोटात सुई देत होते. यंत्र शेजारी, पट्टी शेजारी. लपवायला एक क्षणही मिळाला नाही.

"हे काय?" हाज्जांनी विचारलं.

"ताकदीचं इंजेक्शन," यम्मा चटकन म्हणाली. "नवरी अशक्त नको ना."

रिहाबने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मला कळत होतं, एक शब्द बोलले तर तिचं लग्न जाईल. आणि नाही बोलले तर? उद्या त्या घरात ती पडेल, आणि कोणीतरी मायेने, काळजीने, तिला आणखी एक सुई देईल. जशी मी दिली होती.

"इन्सुलिन आहे, हाज्जा," मी म्हणाले. "तिला मधुमेह आहे. दोन वर्षं झाली. आम्ही लपवला."

यम्माने कपाळावर हात मारून घेतला. रिहाब हुंदके देऊ लागली. हाज्जा बखीता उभ्याच राहिल्या.  मग त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, आणि पायातला मोजा काढू लागल्या.

मला कळेना. एवढ्या उन्हाळ्यात बाई मोजे का घालते, हेही कधी मनात आलं नव्हतं. मोजा निघाला. मी किंचाळले.

तळपायाचा निम्मा भाग भाजलेला होता. जुना, काळा पडलेला, कडेला ओला.

"धुरीच्या खड्ड्यात गेला पाय," हाज्जा म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. मला कळलंच नाही, पोरी. वास आला, तेव्हा बघितलं. पायांना काही जाणवतच नाही माझ्या." त्यांनी यम्माकडे पाहिलं. "सहा वर्षं झाली साखरेला. मुलांना सांगितलं नाही. म्हटलं, आजारी आईच्या घरात मुलगी कोण देणार?"

यम्मा आणि हाज्जा एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती! मग यम्मा रडायला लागली, हाज्जाही, आणि रिहाब उठून सासूच्या गळ्यात पडली.

"मुन्तसिर, आत या!" मी ओरडले. "रिवाज गेला खड्ड्यात, आत या!"

तो आत आला. पाय पाहून त्याचा चेहरा उतरला. "आज रात्रीच इस्पितळात," तो म्हणाला. "इजलाल, पाय वाचेल, पण उद्या नाही, आज." बतूल सिस्टरनी स्वतः ती जखम धुतली. दोन तास. आणि मुन्तसिरच्या पट्टीवर मोजल्याशिवाय सुई दिली नाही त्यांनी.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. हाज्जा काठी टेकत आल्या, आणि अख्ख्या मांडवात स्वतःच्या तोंडाने सांगत सुटल्या, "माझ्या सुनेला साखर आहे आणि मलाही! तुमच्यापैकी कोणाकोणाला आहे, बोला!" सात जणींनी हात वर केले. सात!

दुसऱ्या दिवशी तो वाद मदनीला परत गेला. बसपाशी मी त्याला राखून ठेवलेली पट्टी दिली.

"तिसऱ्या घरी विचारलं नाहीत तुम्ही," मी म्हणाले.

तो बघतच राहिला. बस सुटली, तरी खिडकीतून बघत होता.

---

वीस दिवसांनी तो, त्याची आई आणि काका आमच्या अंगणात बसले होते. मागणी घालायला आलेल्या लोकांनी गोड बोलायचं असतं, मुलाचे गुण सांगायचे असतात. काकांनी घसा खाकरून सुरुवातही केली होती. यम्माने हात वर केला.

"गुण मला माहीत आहेत. दोष सांग, पोरा. तूच सांग."

काका अवाक झाले. असं कोणी विचारतं? पडद्याआड मी चहाचा ट्रे घट्ट धरला.

"मधुमेह आहे, खाला," मुन्तसिर म्हणाला. "अकराव्या वर्षापासून. दिवसाला चार सुया."

"माहीत आहे. आणखी?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. 

"डाव्या डोळ्याच्या पडद्याला इजा झालीय. साखरेनेच. डॉक्टर म्हणतात, वाढू शकते. कदाचित दोन्ही..." त्याने मान खाली घातली. "इजलालला हे माहीत नाही. सगळ्यांना शिकवत फिरलो, लपवू नका म्हणून. तिच्यासमोर मात्र धाडस झालं नाही."

माझ्या हातातला चहाचा ट्रे खाली गेला. पेले फुटले.

"मी एका मुलीचं दुखणं झाकलं आणि तिला गमावून बसले असते," यम्मा म्हणाली.  "या वेळी उत्तर मी देणार नाही. ज्याचं त्याने द्यावं."

मागणीच्या वेळी मुलगी बाहेर येत नाही. मी आले. पडदा सारून, काचांवरून, सरळ त्याच्यासमोर. काकांनी तोंडावर हात ठेवला. मला भयंकर राग आला होता. आणि इतकं प्रेम आलं होतं, की कुठलं आधी बोलावं कळेना.

"कधी कळलं तुला?"

"पाच महिन्यांपूर्वी."

"म्हणजे पडद्याशी रोज बसलास तेव्हा माहीत होतं!"

"होतं."

"आणखी काही लपवलंयस?"

"नाही. शप्पथ नाही."

"मग तपासायला दर तीन महिन्यांनी राजधानीला जायचं. मी बरोबर येणार. आणि परत कधी काही लपवलंस तर मी तुला सोडणार नाही, कळलं? सोडणारच नाही."

"इजलाल," तो म्हणाला, "उद्या मला दिसेनासं झालं तर?"

"तर मी सांगेन काय काय आहे ते," मी म्हणाले. "मला बोलायला आवडतं, माहीत आहे ना?"

यम्माने जीभ हलवून आनंदाची आरोळी ठोकली, आणि कुंपणापलीकडून शेजारणींनी लगेच तिला साथ दिली. काकांना अजून काय झालं ते समजलं नव्हतं. मी रडत होते, नाक वाहत होतं, पदर सुटला होता. आणि मुन्तसिर मला बघत होता. दोन्ही डोळ्यांनी.